होल्बर्ग स्वीट पियानोवर : हाताचं दुखणं आणि दोन-तीन शंका

पेटीवाला_डोंबिवली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागतो.

वीज खात्यातून निवृत्त झालो तेव्हा मिळालेल्या पैशातून थोडे बाजूला काढून ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला. त्याआधी चाळीस वर्षं फक्त पेटी. सोसायटीच्या भजनी मंडळात मंगळवारी अजूनही तीच. त्यामुळे उजवा हात बरा आहे. डावा मात्र आयुष्यभर भाता मारत आलाय. आपल्याला बोटं आहेत हे त्याला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी कळलं.

गेले चार महिने ग्रीगच्या होल्बर्ग स्वीटच्या मागे लागलोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एडवर्ड ग्रीग, नॉर्वेचा, बर्गन गावचा. १८८४ साली त्याच गावच्या लुडविग होल्बर्ग या नाटककाराच्या जन्माची द्विशताब्दी आली, त्या निमित्तानं ग्रीगनं पाच तुकड्यांची ही माळ लिहिली. प्रेल्यूड, साराबांद, गाव्होत, एअर, रिगोदाँ. नावं सगळी होल्बर्गच्या काळातली, म्हणजे खोट्या केसांचे टोप घालून लोक नाचायचे त्या काळातली. एकूण वीसेक मिनिटांचं काम.

मी पहिल्यांदा ऐकलं ते तारवाद्यांच्या ताफ्यावर, मुलीनं पाठवलेल्या एका व्हिडिओत. प्रेल्यूड सुरू झालं आणि हातातला चहा हातातच राहिला. घोडा उधळावा तसं. मग शोधलं तर पियानोचंही नोटेशन मिळालं, आयएमएसएलपी या नोटेशनच्या संकेतस्थळावर फुकट आहे. आनंदानं छापून क्लासला घेऊन गेलो, तर आमचे सर म्हणाले, "हे मूळ तारवाद्यांचं. पियानोची आवृत्ती म्हणजे नंतरची नक्कल. कशाला वेळ घालवता?" मी म्हटलं, छापील प्रतीवर तर पियानोसाठी असंच आहे. त्यावर त्यांनी स्केल्स काढायला सांगितल्या.

तर पहिली शंका ही. खरं काय?

दुसरं दुखणं शब्दशः दुखणं आहे. प्रेल्यूडच्या दुसऱ्या पानापर्यंत उजव्या हाताचं मनगट ते कोपर दगड होतो. लय मी फार ठेवत नाही, मूळ गतीच्या अर्ध्याच्या थोडी वर. हेडफोन लावून वाजवतो, तरी परवा खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी लिफ्टमध्ये विचारलं, "काका, रात्री नऊला पोळपाटावर काय कुटता?" म्हणजे आवाज सुराचा जात नाहीये, पट्ट्या आपटण्याचा जातोय. यावरून काहीतरी चुकतंय हे मलाही कळतं.

तिसरं, एअर. हा सगळ्यात सोपा वाटला होता, संथ आहे म्हणून. पण पेटीवर लांब सूर लावला की भात्यानं तो फुलवता येतो, धरता येतो. इथे पट्टी दाबली की सूर जन्मतो आणि लगेच मरायला लागतो. व्हिडिओत तो सूर कसा चढत जातो! मी पट्टी दाबून नुसता बसून राहतो, अंत्यदर्शनाला बसल्यासारखा.

आणि शेवटचं. हे जुनं संगीत आहे की जुन्याचं सोंग? अठराव्या शतकातल्या जर्मन बाखसारखं कोरडं वाजवायचं की ग्रीगसारखं भिजवून? सूर लांबवणारं पेडल लावू की नको?

---

मडगांवचा_व्हियोला

काका, पहिल्या शंकेचा निकाल तुमच्या बाजूनं. मूळ पियानोचंच. १८८४ च्या उन्हाळ्यात ग्रीग हार्डांगर भागात लोफ्थुसला होता, तिथे लिहिलं, आणि त्याच डिसेंबरात बर्गनमध्ये स्वतः वाजवलं. तारवाद्यांसाठी त्यानंच पुढच्या वर्षी, १८८५ मध्ये, बसवलं. त्यामुळे 'नक्कल' म्हणायचंच असेल तर आमची, तुमची नाही. पण नक्कल अशी वठली की पोरानं बापाचं नाव झाकलं. ताफ्यांना वाजवायला इतकं सोयीचं, इतकं सुखाचं, की जगभर तेच चालतं.

मी गोव्यात वाढलो. आमच्याकडे इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेत आधी सॉल्फेज (नोटेशन वाचून सूर गाणं) घोकायचं, मग व्हायोलिन हातात. उंच झालो म्हणून मला व्हियोला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, दिला, आणि व्हियोलावाल्याच्या वाट्याला आयुष्यभर मधले सूर येतात. होल्बर्गचा रिगोदाँ आला तेव्हा पहिल्यांदा पुढे बसलो. त्यात एक व्हायोलिन आणि एक व्हियोला असे दोघेच धावतात, बाकीचे बोटांनी तारा छेडत साथ करतात. त्या दोन पानांवर माझं अजून पोट भरतं.

आता तुमचा हात. मला वाटतं तुमच्या कानात व्हिडिओ बसलाय आणि त्यानंच हात दुखतोय. आमच्या प्रेल्यूडमध्ये ताल असा आहे: दा-दिगि, दा-दिगि, दा-दिगि. एक लांब, दोन आखूड. गज वर-खाली नेताना हा ताल आपोआप उड्या मारतो, म्हणून ग्रीगनं तो दिला. पण तुमच्या पियानोच्या पानावर 'दा' नाहीच! तिथे सोळांशाच्या नोटांची अखंड धार आहे, दिगिदिगि दिगिदिगि. तुम्ही मनात दा-दिगि म्हणत असणार आणि प्रत्येक मात्रेवर एक ठोसा देत असणार. एका ओळीत सोळा ठोसे. पोळपाट तिथे आहे.

ग्रीगला ताफ्यासाठी तोच मजकूर वेगळ्या तालात का लिहावा लागला याचा विचार करा. गजाला जे सोपं ते बोटाला सोपं नसतं, आणि उलटही.

---

काळी_पांढरी

मी पियानो शिकवते, पुण्यात, बावीस वर्षं. वरच्यांचं निदान अचूक आहे, उपचार मी सांगते.

१) प्रेल्यूड तीन आठवडे बंद. पूर्ण बंद, 'नुसतं एकदा बघतो' असंही नाही.

२) तीन आठवड्यांनी उघडाल तेव्हा नोटा सुट्या वाजवू नका. प्रत्येक गट एकत्र, कॉर्ड म्हणून, एका घासात दाबा. पुढच्या गटावर हात उचलून जा. पूर्ण पान असं कॉर्डकॉर्डनं वाजवा. हाताला जागा कळली की मग घास सोडवा. बोटांनी पट्टी शोधत जायची सवय पेटीवाल्यांना असते (राग मानू नका, माझे वडील पेटीच वाजवायचे), पेटीची पट्टी हलकी असते म्हणून ते चालून जातं. वजनदार पट्टीवर तेच केलं की कोपरापर्यंत पेटके.

३) मनगट दाराच्या मुठीसारखं फिरलं पाहिजे. हातोड्यासारखं नाही.

४) चार मात्रांना एक श्वास. जोर फक्त समेला, आणि तोही हलका.

बोटं उघडायची असतील तर साराबांदपासून सुरू करा. तीन मात्रा, पण वजन दुसऱ्या मात्रेवर टेकतं. पहिलीवर पाय ठेवायचा, दुसरीवर रेलायचं. हे जमलं की 'जुन्या ढंगाचं' म्हणजे काय त्याचं अर्धं उत्तर हाताला मिळतं. हा नाच मुळात संथ नव्हता बरं का. स्पॅनिश जगातून आला तेव्हा चांगलाच अवखळ होता. फ्रेंच दरबारात शिरला आणि सभ्य झाला. ग्रीगपर्यंत येईतो त्याच्यावर दीडशे-दोनशे वर्षांची साय आलेली आहे.

गाव्होतला तुमचा ख्याल कामी येईल. तो समेवर सुरू होतच नाही, अर्ध्या आवर्तनातून उचलतो. मुखड्यासारखा. माझे इतर विद्यार्थी इथे सहा महिने अडखळतात, पहिली नोट आली की तिला सम समजतात. भजन वाजवणाऱ्याला हे शिकवावं लागू नये. त्याच्या पोटात म्युझेत आहे. म्युझेत म्हणजे फ्रान्सातलं भात्याचं एक वाद्य, मशकबीनच्या (बॅगपाइपच्या) कुळातलं. खाली एकच सूर धरून ठेवलाय आणि वर चाल. सनईच्या जोडीला सूर धरणारा बसतो ना, तो तुमचा डावा हात. चाळीस वर्षं भाता मारलाय, त्याला त्याचं काम परत मिळालं म्हणा.

पेडल: प्रेल्यूडमध्ये जवळजवळ नको, एअरमध्ये भरपूर, पण कॉर्ड बदलला की बदलायचं. डिजिटलवर अर्धं पेडल (अर्धवट दाबून अर्धाच परिणाम) लागतं का ते आधी तपासा, स्वस्त मॉडेलना लागत नाही.

एअरमधल्या मरणाऱ्या सुराबद्दल: तो फुलवायला जाऊ नका, फुलणार नाही. खाली जे कॉर्ड सारखे धडधडत असतात ना, त्यांना हळूहळू थोडं वाढवा. ऐकणाऱ्याला वाटतं वरचा सूर वाढतोय. ही लबाडी आहे, आणि पियानो वाजवणं म्हणजे बव्हंशी हीच लबाडी आहे. चाल पुढे खालच्या सप्तकात जाते, तिथे डाव्या हाताला गाऊ द्या. आणि ती जी छोटी नागमोडी खूण नोटेवर दिसते, तिला मुरकी समजा. घाईनं झटका देऊ नका, गळ्यातून काढल्यासारखी काढा.

ऐकायचं असेल तर आइनार स्टेन-न्योक्लेबर्ग किंवा एव्हा क्नार्डाल. दोघांनी ग्रीगचं समग्र पियानो-काम ध्वनिमुद्रित केलंय, त्यात हे आहे. महिनाभर तारवाद्यांचा व्हिडिओ बघायचा नाही. मुलीलाही सांगा पाठवू नकोस.

---

छत्री_विसरलेली

मी बर्गनमध्ये राहते, सात वर्षं झाली. संगीतातलं कळत नाही, पण होल्बर्ग मला रोज भेटतो म्हणून लिहिते.

मासळीबाजारापासून दोन मिनिटांवर त्याचा पुतळा आहे. टोप, लांब कोट, हातात काठी, आणि चेहऱ्यावर असा भाव की समोरच्याचं ऐकून घेतोय पण मनात त्याच्यावर नाटक लिहितोय. मासळी घ्यायला जाते तेव्हा डोक्यावर हमखास सीगल बसलेला. हा पुतळा १८८४ चाच. त्याच्या अनावरणासाठी ग्रीगला पुरुषांच्या वृंदासाठी कॅन्टाटा, म्हणजे प्रसंगाचं मोठं समूहगान, लिहायचं काम दिलं होतं, उघड्यावर गायचं, डिसेंबरात, बर्गनमध्ये! तुम्हाला बर्गनचा डिसेंबर माहीत नाही. आमच्याकडे आडवा पाऊस पडतो. ग्रीगनं मित्राला वैतागून पत्र लिहिलं होतं: गाणारे तोंड उघडून उभे, तोंडात पाऊस, आणि मी रेनकोट, गॅलोश (बुटांवर चढवायचे रबरी बूट) आणि छत्रीसकट वृंद चालवतोय, असं काहीसं चित्र. तो कॅन्टाटा आज सहसा कानावर पडत नाही. हाताखालून सहज लिहिलेली पियानोची माळ मात्र जगभर गेली. ती माळसुद्धा तो गमतीनं 'टोपाची रचना' म्हणायचा.

नॉर्वेजियन नाव 'फ्रा होल्बर्ग्स टीद'. होल्बर्गच्या काळातून. लिहिताना 'टीद', बोलताना शेवटचा द गिळतात. मी पहिलं वर्षभर तो द स्वच्छ उच्चारत होते आणि दुकानदार हसायचे.

होल्बर्ग जन्मला इथे, १६८४ ला, पण तरुणपणीच गेला आणि पुढचं आयुष्य कोपनहेगनला प्राध्यापकी आणि नाटकं करत काढलं. तेव्हा नॉर्वे-डेन्मार्क एकच राज्य. त्यामुळे आजही डॅनिश लोक म्हणतात आमचा, बर्गनकर म्हणतात आमचा. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर हा विषय काढू नये, अनुभवानं सांगते. शिकायला ऑक्सफर्डला गेला तेव्हा पैसे नव्हते, तर बासरी आणि व्हायोलिनच्या शिकवण्या करून पोट भरलं म्हणे. तेव्हा काका, शिकवणीवाल्यांचा मान ठेवा :)

ग्रीगचं घर, ट्रोल्डहाउगेन, ट्रामच्या 'होप' थांब्यापासून चालत वीसेक मिनिटं. तिथे खाली तळ्याकाठी त्याची एकट्यानं बसून लिहायची लाकडी खोली आहे. आपल्याकडच्या वॉचमनच्या केबिनपेक्षा थोडी मोठी. आत पियानो, टेबल, आरामखुर्ची, खिडकीतून पाणी. माणूस पाच फुटांच्या जेमतेम आसपास होता, त्याला पुरत असेल. हे घर मात्र १८८५ मध्ये बांधून झालं, म्हणजे तुमची माळ तिथे लिहिलेली नाही. गाइडसुद्धा कधी कधी घोटाळा करतात.

---

दफ्तरखाना

अवांतर आहे, उडवलं तरी चालेल.

वर '१६८४' वाचून चमकलो. होल्बर्ग जन्मला त्याच वर्षी तंजावरला व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे गादीवर आले. हे स्वतः नाटककार, मराठीत 'लक्ष्मीनारायणकल्याण' वगैरे नाटकं त्यांच्या नावावर आहेत. आणि गंमत पुढे आहे. डॅनिश लोकांची हिंदुस्थानातली वखार होती तरंगंबाडीला, १६२० पासून, तंजावरच्या मुलखातच. जमिनीबद्दल ते तंजावरच्या राजाला सालाना रक्कम भरायचे. म्हणजे होल्बर्गच्या राजाचा कारभारी एका मराठी नाटककार-राजाला खंडणी भरत होता. दोघा नाटककारांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नाही.

होल्बर्गचं 'डोंगरावरचा येप्पे' हे नाटक १७२२ चं. दारूच्या नशेत शेतकऱ्याला उचलून सरदाराच्या पलंगावर निजवतात आणि जागा झाल्यावर तू सरदारच आहेस म्हणून पटवतात, अशी गोष्ट. काकांच्या शेवटच्या प्रश्नाशी याचा संबंध आहे असं मला वाटतं. ग्रीग दरबारी कपडे घालून पाहतोय, पण त्याला आपण कोण ते ठाऊक आहे.

---

मडगांवचा_व्हियोला

दफ्तरखानासाहेब, अवांतर कसलं, मुद्द्याचं बोललात.

सोंग की खरं, यावर माझं मत: ग्रीग पंधराव्या वर्षी लाइपझिगला शिकायला गेला. बाखचं गाव, आणि मेंडेल्सोन या संगीतकारानं काढलेली शाळा. तेव्हा तिथे बाखचे समग्र ग्रंथ एकामागून एक छापून निघत होते. त्या मुलानं जुनं संगीत ग्रंथातून, धड्यातून शिकलं, आणि शाळेवर आयुष्यभर चिडून राहिला. चाळिशीत त्याला गावच्या म्हाताऱ्याचं निमित्त मिळालं, आणि तेच जुने साचे त्यानं खेळ म्हणून हाती घेतले. त्यातही निवड पाहा. बाखच्या स्वीटमधले नेहमीचे नाच आलमांद, कुरांत, जीग तिन्ही वगळले. ठेवले ते फ्रेंच नाच, हलके पायाचे. आणि एअर उघडउघड बाखच्या प्रसिद्ध एअरकडे बघून लिहिलाय, पण बाखचा मेजरमध्ये (उजळ सुरावट), हा मायनरमध्ये (उदास सुरावट). मधले कॉर्ड ऐका, बाखनं असे कॉर्ड लिहिले असते तर चर्चनं पगार कापला असता.

म्हणून कोरडं की भिजवून, हा प्रश्न प्रत्येक तुकड्याला वेगळा विचारा. प्रेल्यूड कोरडं. एअर चिंब. रिगोदाँ कोरडा, त्याच्या मधला मायनरमधला भाग थोडा दमट. एवढंच.

---

पेटीवाला_डोंबिवली

साडेतीन आठवड्यांनी येतोय. काळी_पांढरी ताईंचा पहिला नियम मी चौथ्या दिवशी मोडला, खोटं कशाला बोलू. पाचव्या दिवशी हात सुजल्यासारखा वाटला तेव्हा मग झाकण बंद केलं.

साराबांद बसला. दुसऱ्या मात्रेवर रेलायचं हे वाचून कळलं नव्हतं. मंडळातल्या पखवाजवाल्याला बोलावलं, त्याला म्हटलं तीन मात्रा धर आणि दुसरीवर घुमारा दे. चार वेळा वाजवलं आणि बसलं. तो म्हणाला, "हे कुठल्या संतांचं?" मी म्हटलं, बर्गनच्या.

म्युझेत तर मी पेटीवर नेला. खालचा सूर धरून ठेवायला पेटीसारखं दुसरं काही नाही. पियानोवर तो सूर परत परत मारावा लागतो, पेटीवर बोट ठेवलं की झालं. भजन संपल्यावर आरतीच्या आधी वाजवून दाखवला. पाटणकर आजींनी टाळ धरला, तो चुकीच्या जागी पडत होता, म्हणजे अर्ध्या आवर्तनाचा घोळ त्यांचाही झाला. पण कोणी थांबवलं नाही.

एअरमध्ये खालचे कॉर्ड वाढवायची लबाडी जमायला लागली आहे. दहातल्या तीन वेळा. त्या तीन वेळा सूर खरंच चढतो, अंगावर काटा येतो, आणि मला माहीत असतं की तो चढत नाहीये.

प्रेल्यूड कालपासून परत उघडलं. कॉर्डकॉर्डनं, घासाघासानं, फारच हळू. क्लासमध्ये सरांना सांगितलं की मूळ पियानोचंच आहे, १८८४. ते म्हणाले, "असेल." आणि मग पहिल्यांदाच खुर्ची ओढून शेजारी बसले नि माझं मनगट हातात धरून फिरवलं. त्यामुळे मी पुढे काही बोललो नाही.

काल रात्री नऊला वाजवलं. सकाळी लिफ्टमध्ये वहिनी भेटल्या. म्हणाल्या, "काका, बरं नाही का? काल आवाज आला नाही."

आता नवी अडचण: रिगोदाँमध्ये उजव्या हाताचं चौथं बोट प्रत्येक वेळी तिसऱ्याच्या आधी पोचतं. यावर काही उपाय आहे का, की साठीनंतर बोटांचंही आपापलं मत असतं?